शरावतीच्या दोन वाटा

होन्नावरला शरावती समुद्राला मिळते, तिथे तिचं पात्र इतकं रुंद होतं की पलीकडच्या काठावरची माणसं ओळखू येत नाहीत. मधे माडांनी भरलेली बेटं, बेटांवर वस्ती, वस्तीकडे ये-जा करणाऱ्या होड्या. कोकण रेल्वेने मंगळूरकडे गेलेल्यांनी हे पाणी पाहिलेलं असतं. त्या मार्गावरचा सर्वांत लांब पूल, दोन किलोमीटरहून थोडा जास्तच, तो याच नदीवरचा. पण गाडी पुलावरून खडखडत जाताना ही गिरसप्पाच्या धबधब्याची नदी आहे, हे क्वचितच कुणाच्या ध्यानात येतं.

मराठी माणसाला हा धबधबा आधी माहीत झाला तो गिरसप्पा म्हणून, शाळेच्या भूगोलातून. जोग हे नाव त्यानंतर रुळलं. आज बहुतेक प्रवासी शिवमोग्गा आणि सागरच्या बाजूने, म्हणजे पठारावरून तिथे पोचतात. कठड्याशी उभं राहायचं, खाली डोकवायचं, फोटो काढायचे आणि परत फिरायचं. आम्ही ठरवून उलटे निघालो, समुद्राकडून, नदी धरून वर. भाद्रपद लागला होता. पावसाचा जोर ओसरला होता, तरी रोज दुपारी एखादी जोरदार सर येत होती.

आमचे ड्रायव्हर होन्नावरचेच, साठीकडे झुकलेले, घरी कोंकणी बोलणारे. त्यामुळे मराठी-कोंकणीची सरमिसळ करत दिवसभर गप्पा चालल्या. खाडीच्या कडेने जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती पुढच्या सगळ्या प्रवासात माझ्या डोक्यात राहिली. त्यांच्या लहानपणी पाऊस संपला की समुद्राचं खारं पाणी खाडीत बरंच आतपर्यंत चढायचं, आणि त्या खाऱ्या चिखलात बायका टोपल्या भरभरून तिसऱ्या काढायच्या. आता वरच्या वीजघरांतून उन्हाळ्यातही गोडं पाणी सुटतं. खाडीचं पाणी पूर्वीसारखं खारं होत नाही, आणि जिथे तिसऱ्या मिळायच्या तिथे त्या राहिल्या नाहीत. डोंगरावर बटण दाबलं की इथे कुणाच्या ताटातली आमटी बदलते, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

सुमारे ३० किलोमीटरवर गेरसोप्पा लागतं. धबधब्याला ज्याचं नाव मिळालं ते हे गाव, पण धबधबा इथून आणखी तितकाच वर आहे. नदीपलीकडे रानात नगरबस्तीकेरी आहे. तिथली चतुर्मुख बस्ती, म्हणजे चार दिशांना चार दारं असलेलं जैन मंदिर, पाहायला वाट वाकडी करून नक्की जावं. गाभाऱ्यात काळ्या दगडाचे चार तीर्थंकर पाठीला पाठ लावून बसले आहेत. कुठल्याही दारातून आत या, समोर एक शांत चेहरा येतो. आम्ही चारही दारांतून आत जाऊन आलो. वर शिखर नाही, भिंतींवर शेवाळ, अंगणात पानांचा सडा, आणि चौफेर जंगल.

सोळाव्या शतकात हे जंगल नव्हतं, इथे शहर होतं. साळुव घराण्यातली जैन राणी चेन्नभैरादेवी हिने १५५२ ते १६०६ अशी पन्नासहून अधिक वर्षं इथून राज्य केलं. घाटातली मिरी तिच्या मुलखातून खाली उतरायची आणि होन्नावर-भटकळच्या बंदरांतून जहाजांवर चढायची. गोव्याच्या पोर्तुगिजांचं तिच्याशी कधी भांडण, कधी सौदा. ते तिला 'मिऱ्यांची राणी' म्हणत. कुमट्याजवळचा मिरजानचा देखणा किल्लाही तिच्याच नावाशी जोडला जातो. शेवटी घाटावरच्या केळदीच्या नायकांनी तिचं राज्य घेतलं. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीला निघाला, तेव्हा तो याच नदीतून होडीने इथवर आला होता. राणीच्या पाडावाला वीसही वर्षं झाली नव्हती, तरी त्याला दिसलं ते मोडलेलं नगर आणि झाडांनी गिळलेला वाडा. भारताच्या इतिहासात इतकी वर्षं स्वतःच्या नावाने राज्य करणाऱ्या स्त्रिया किती कमी आहेत! त्यांतल्या एकीची राजधानी पाहायला त्या दिवशी आमच्याखेरीज कुणीही नव्हतं, याचं वाईट वाटलं.

गेरसोप्पा सोडलं की घाट सुरू होतो. आपल्या वरंध किंवा आंबोलीच्या घाटात डोंगराच्या पायऱ्या मोजता येतात, कारण आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. इथे थर दिसत नाहीत. इथला खडक पट्टिताश्म जातीचा, अडीचशे कोटी वर्षांपलीकडचा. त्याच्यापुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आपला काळा बेसॉल्ट अगदीच अलीकडचा म्हणायचा. थरांचा खडक नदी टप्प्याटप्प्याने कापत जाते. हा अखंड, कठीण खडक मात्र सहजी झिजत नाही, म्हणून पठाराच्या कडेला येऊन नदीला थेट उडीच घ्यावी लागते.

घाटाच्या मध्यावर कत्तलेकानचं रान आहे. इथे गाडी थांबवून ओढ्याकाठाने थोडं आत गेलो. ओढ्याच्या दलदलीत जायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्यांची मुळं जमिनीतून वर येतात, कमान करतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. मी एका कमानीवर हात ठेवला. साल ओली, खडबडीत, तिच्यावर बोटभर उंचीचं शेवाळ, आणि खालून पाणी इतक्या सावकाश सरकत होतं की पान पडल्याशिवाय ते वाहतंय हे कळत नव्हतं. अशा दलदली एकेकाळी पश्चिम घाटात पुष्कळ होत्या, आता तुरळक तुकडे उरलेत. याच रानात २००० साली आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, विज्ञानाला तोवर माहीत नसलेलं एक झाड सापडलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात कत्तलेकानचं नाव आलं. सिंहपुच्छ वानराची सगळ्यांत उत्तरेकडची वस्तीही याच सिरसी-होन्नावरच्या पट्ट्यात आहे. काळं अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला झुबका असलेला हा वानर जमिनीवर फारसा उतरत नाही. त्याला झाडावरून झाडावर जायला सलग छत लागतं. म्हणून इथे रस्ता रुंद करायचा प्रश्न निघाला की तो नुसता झाडांच्या संख्येचा राहत नाही.

मावीनगुंडीचा फाटा आला आणि आवाज आला. धबधबा अजून दिसत नव्हता. आधी आवाज, मग काचेवर साचू लागलेला बारीक ओलावा, आणि मग दरीतून उठणारे पांढरे ढग.

या बाजूने येणारा प्रवासी नदीच्या उत्तर काठावर पोचतो, आणि मराठी वाचकाने ध्यानात ठेवावं की हा काठ मुंबईचा होता. उत्तर कन्नड जिल्हा १८६२पासून मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्याला मिळाला. दक्षिण काठ म्हैसूरच्या महाराजांचा. म्हणजे धबधबा दोन राज्यांच्या सीमेवर कोसळत होता, आणि दोन्ही सरकारांनी आपापल्या काठावर पाहुण्यांसाठी बंगले बांधले होते. उत्तरेकडच्या बंगल्याला अजूनही मुंबई बंगला म्हणणारे लोक भेटतात. या बाजूने धबधबा समोर नसतो, तो पायांखाली असतो. राजा नावाचा प्रवाह कड्याच्या ओठावरून सुटतो तो क्षण अगदी जवळून दिसतो. पाणी काठावर येईतो तपकिरी आणि जड असतं, सुटताच पांढरं आणि हलकं होतं. नजर त्याच्याबरोबर खाली जाते आणि तळ गाठायच्या आधीच धुक्यात हरवते.

पूल ओलांडून दक्षिणेला आलं की सगळं समोर येतं. उंची २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट, आणि कड्यावर चार प्रवाह. डावीकडे राजा, कड्याला न शिवता सरळ खाली येणारा. त्याच्या शेजारी रोअरर, खडकाच्या घळीतून आपटत, गर्जत राजाच्याच दिशेने धावणारा. मग रॉकेट, ज्याच्यातून पाण्याचे बाण सुटल्यासारखे पुढे झेपावतात. आणि उजव्या टोकाला राणी, जी उडी घेत नाही. खडकाला बिलगून, फेस होऊन उतरते. ही नावं साहेबाच्या काळातली, पण ती अशी चपखल बसली आहेत की शेजारी उभ्या असलेल्या चिकमगळूरकडच्या एका आजीबाई नातवाला बोट दाखवून दाखवून तीच शिकवत होत्या. जोग हा देशातला सर्वांत उंच धबधबा, असं आपण शाळेत शिकलो. तसं नाही, मेघालयातला नोहकालिकाई याहून उंच आहे. पण एवढी रुंद नदी एकाच कड्यावर चार स्वभावांनी कोसळताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. ढग आला की पाचेक मिनिटं समोर नुसता पांढरा पडदा आणि आवाज. मग पडदा फाटतो, आधी राणी दिसते, शेवटी राजा, आणि कठड्याशी उभी असलेली सगळी गर्दी एका सुरात ओरडते. आम्हीही ओरडलो.

तळाशी जायला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत, पण पावसाळ्यात त्या बंद असतात. वरून तळाकडे नीट पाहिलं तर धबधब्याच्या खालच्या अंगाला दरीच्या पोटात एक इमारत दिसते. वरून जाडजूड पाइप तिच्यात उतरतात. हे महात्मा गांधी जलविद्युत केंद्र. त्याचं काम १९३९ साली सुरू झालं, महायुद्धाने ते रखडलं, आणि फेब्रुवारी १९४८मध्ये वीज सुरू झाली. आधी त्याला म्हैसूरच्या कृष्णराजेंद्रांचं नाव होतं, वर्षभरात ते बदलून गांधीजींचं दिलं गेलं. हा धबधबा पाहून विश्वेश्वरय्या ‘केवढी ही शक्ती फुकट चालली आहे’ असं म्हणाले, ही गोष्ट इथे प्रत्येक गाइड सांगतो. पुण्यात शिकलेले, मुंबई सरकारच्या नोकरीत खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या. त्यांनी असं म्हटलं असेल तर त्यात नवल नाही. ज्या काळात खेड्यांत दिवा नव्हता, त्या काळचा तो विचार होता.

मला चकित केलं ते पुढच्या टप्प्याने. धबधब्याच्या वर सहाएक किलोमीटरवर लिंगनमक्की धरण आहे, १९६४ सालचं. ‘१८१९ फूट’ हा आकडा या भागात लहान मुलालाही पाठ असतो, कारण पाणी त्या पातळीला टेकलं की दरवाजे उघडतात आणि जोगला पूर येतो. एरवी नदी धबधब्याकडे येतच नाही. तिला कालव्याने तळकळलेच्या जलाशयात नेतात, तिथून बोगद्यातून आणि पाइपांतून दरीत उतरवतात आणि दहा जनित्रांवर सोडतात. त्यांची क्षमता १०३५ मेगावॅट. वापरलेलं पाणी खाली गेरसोप्पाच्या धरणात अडवून पुन्हा वीज काढतात, २४० मेगावॅट. मग ते होन्नावरच्या खाडीत जातं, जिथे आता तिसऱ्या मिळत नाहीत.

म्हणजे शरावती दोन वाटांनी घाट उतरते. एक वाट सगळ्यांना दिसते, दुसरी पोलादाच्या आत आहे, आणि वर्षातले बरेचसे महिने जवळजवळ सगळी नदी त्या दुसऱ्या वाटेने जाते. पावसाळ्यात जोगला जे दिसतं त्यातलं पुष्कळसं पाणी धरणाच्या खालच्या रानातून, ओढ्यानाल्यांतून आलेलं असतं. उन्हाळ्यात राजा-राणीच्या जागी ओले पट्टे राहतात.

कोयनेचा माणूस हे ऐकून परकेपणाने मान हलवू शकणार नाही. कोयना धरणही १९६४चंच. तिथे पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून वळवून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं. शरावतीला वळवायची गरज नव्हती, ती आपण होऊनच पश्चिमेकडे उडी घेत होती. कोयनेचा साठा १०५ टीएमसी, लिंगनमक्कीचा दीडशेच्या घरात. पाण्याचा फुगवटा सुमारे ३०० चौरस किलोमीटर. याच पाण्याखाली एक आणखी जुनं धरण आहे, हिरेभास्करचं. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दरवाजे न उघडता ते आपोआप उपसून टाकणारे सायफन त्याला गणेश अय्यर या अभियंत्याने बसवले होते. एखाद्या उन्हाळ्यात जलाशय फार खाली गेला की ते धरण, सायफनांसकट, जसंच्या तसं वर येतं आणि सागरचे लोक ते पाहायला जातात.

कारगल आणि तळगुप्पा मागे टाकून आम्ही सागरला मुक्कामाला पोचलो. सागर हे सुपारीचं गाव. एका हव्यक कुटुंबाच्या बागेत गेलो. यजमानीणबाईंनी चहाऐवजी धने-जिऱ्याचा कषाय दूध-गूळ घालून दिला आणि जेवताना अप्पेमिडीचं लोणचं वाढलं. ओढ्याकाठच्या रानआंब्यांच्या बोटाएवढ्या कोवळ्या कैऱ्यांचं हे लोणचं. झाकण उघडलं की खोलीभर वास सुटतो, आणि कुठल्या झाडाची कैरी यावरून जाणकारांत वाद होतात. बागेत पोफळींवर मिरीचे वेल चढले होते, म्हणजे राणीच्या काळचा माल अजून त्याच मातीत आहे. यजमानांनी सुपारीचे घड दाखवले. सततच्या पावसात फळं कुजून गळतात, त्या रोगाला इथे कोळे म्हणतात. त्यावर मोरचूद-चुन्याचं औषध मारतात. पूर्वी प्रत्येक घडाला पोफळीच्या विरीची टोपी बांधत.

बागेहून जास्त मला बागेमागचं रान आवडलं. इथल्या बागाईतदारांना जोडून ‘सोप्पिन बेट्ट’ असतो, पाल्यासाठी राखलेलं जंगल. उत्तर कन्नडमध्ये एकरभर बागेला नऊ एकरांपर्यंत असं रान ब्रिटिश काळापासून तोडून दिलेलं आहे. जमिनीची मालकी सरकारची, पाला बागाईतदाराचा. कोकणात आपण टाळ तोडून राब भाजतो. इथे पाला जाळत नाहीत, तो गोठ्यात गुरांच्या पायांखाली अंथरतात, आणि त्याचं खत बागेत जातं. एक एकर सुपारी पोसायला किती जंगल लागतं, याचा हिशेब या लोकांना शंभर-दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

गुडीगार कारागिरांचं गावही सागरच. चंदनावर हत्ती आणि वेलबुट्टी कोरणारं हे घराणेदार काम. आपले पूर्वज पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून आले, असं त्यांच्यात सांगतात. एका दुकानात बेंडाच्या पांढऱ्या गाभ्याचं बाशिंग होतं, कागदाहून पातळ पाकळ्या कापून केलेलं. चंदन महाग झालं, तसं हे हलकं काम घर चालवतं, असं कारागीर म्हणाले.

इक्केरी आणि केळदी सागरच्या अगदी जवळ. राणीचं राज्य घेणाऱ्या नायकांच्या या राजधान्या. इक्केरीच्या अघोरेश्वराच्या मंदिरात जमिनीच्या फरशीवर दंडवत घालणारे नायक कोरलेले आहेत. भक्त आत येताना त्यांच्यावरून चालत यावा म्हणून. केळदीच्या देवळात छतावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. मराठी माणूस इथे उभा राहिला की त्याला १६८९ आठवल्याशिवाय राहत नाही. संभाजीराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेष पालटून जिंजीकडे निघाले, तेव्हा त्यांना वाटेत आसरा देऊन पुढे सुखरूप पोचवलं ते केळदीच्या राणी चेन्नम्माने. त्याबद्दल औरंगजेबाचं सैन्य तिच्या राज्यावर चालून आलं, ती लढली. तोवर राजधानी बिदनूरला गेली होती, पण घराणं हेच. केळदीच्या छोट्या संग्रहालयाबाहेर मी हे ड्रायव्हरना सांगितलं, तर ते म्हणाले, “ते आमच्या चवथीच्या पुस्तकात होतं.” आपल्या चौथीच्या पुस्तकात चेन्नम्मा किती ओळींची आहे, याचा विचार करत मी गाडीत बसलो.

शेवटचा टप्पा अंबारगोडलूचा. लिंगनमक्कीचं पाणी चढलं तेव्हा तुमरीचा सगळा भाग पलीकडे अडकला. सागरला यायला लाँचशिवाय वाट उरली नाही, आणि रात्री लाँच नसायची. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं पाण्याच्या या बाजूला. तिथल्याच सिगंदूरच्या चौडेश्वरीला हजारो भाविक याच लाँचने जायचे. साठ वर्षांनी, जुलै २०२५मध्ये अंबारगोडलूपासून पलीकडच्या कळसवळ्ळीपर्यंत २.४४ किलोमीटरचा केबलचा पूल झाला. आम्ही त्यावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात बुडालेल्या टेकड्यांचे माथे.

या बुडीत मुलखाचं दुःख लिहिलं ते ना. डिसोझा यांनी. सागरचे, कोंकणी मातृभाषेचे, कन्नडमध्ये लिहिणारे, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करून हा सगळा प्रकल्प जवळून पाहिलेले. त्यांच्या ‘द्वीप’ या कादंबरीवर गिरीश कासारवल्लींनी चित्रपट केला, त्याला २००१चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. २०२५च्या जानेवारीत, पूल सुरू व्हायच्या काही महिने आधी, डिसोझा गेले.

पुलापलीकडच्या टपरीवर तुमरीचे एक गृहस्थ भेटले. ड्रायव्हर मधे बसून कन्नडचं कोंकणी करत होते. गृहस्थांच्या वडिलांची भातशेती पाण्याखाली गेली, अर्धं कुटुंब शिवमोग्ग्याकडे रानात वसवलं गेलं, अर्धं इथेच वर सरकलं. धरण झाल्यावर कित्येक वर्षं त्यांच्या घरात रॉकेलचा दिवा होता. शिवमोग्ग्याकडच्या भावांच्या जमिनीचे कागद अजून त्यांच्या नावावर नाहीत, कारण ती जमीन वनखात्याची निघाली. आता तळकळले आणि गेरसोप्पा या दोन जलाशयांमध्ये पाणी खाली सोडायचं आणि उरलेल्या विजेने पुन्हा वर चढवायचं, असा २००० मेगावॅटचा नवा प्रकल्प येऊ घातला आहे, तोही सिंहपुच्छ वानराच्या अभयारण्यातून. त्याला विरोध करणाऱ्या मोर्चाला ते जाऊन आले होते.

मी कोयनेबद्दल सांगितलं. त्यांनी नीट विचारून घेतलं: त्या लोकांना कुठे नेलं, जमीन कसली मिळाली, कागद कुणाच्या नावावर आहेत. साताऱ्यापासून सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत लोक विखुरले आणि हक्काच्या जमिनीसाठी त्यांची मुलं-नातवंडं अजून आंदोलनं करतात, असं मी म्हटलं. ड्रायव्हरनी ते कन्नडमध्ये सांगितलं. गृहस्थांनी खिशातून फोन काढला आणि त्यांच्यातल्या कुणाचा नंबर माझ्याकडे आहे का, असं विचारलं.